हाशिमोटो, सकाळची गोळी आणि चहा: कसं जमवायचं

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, थायरॉइड मंदावली की हा वाढतो) वाढलेला आणि खाली अँटी-टीपीओच्या (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीज) पुढे ठळक अक्षरात मोठ्ठा आकडा आला की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि मग नातेवाईकांचे फोन सुरू, कोबी बंद कर, अमुक काढा घे वगैरे. तर आधी टीपीओचं टेन्शन सोडा. हा आकडा एवढंच सांगतो की आपलीच इम्युनिटी आपल्याच थायरॉइडवर उठलीय. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने पहिल्यांदा हे लिहून ठेवलं म्हणून या आजाराला त्याचं नाव, हाशिमोटो. एकदा कळलं की झालं, टीपीओ दर वेळी काढायची गरज नसते, तो ६०० चा ४०० झाला म्हणून गोळीचा डोस बदलत नाही. डोस ठरतो टीएसएचवर, सोबत फ्री टी-४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) आणि तुम्हाला कसं वाटतंय त्यावर.

ग्रंथी हळूहळू कमी काम करायला लागते म्हणून थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव, आणि ऑफिसच्या एसीत बाकीचे मजेत असताना आपणच स्टोल गुंडाळून बसणं. टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल असेल तर बऱ्याचदा गोळी लागतच नाही, वर्षातून एकदा तपासत राहायचं.

आता गोळी. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपली थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिन. ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. इथेच सगळं घोडं अडतं, कारण आपल्याकडे डोळे उघडायच्या आत गॅसवर आधण चढलेलं असतं, आणि दुधाच्या चहाबरोबर गोळी घेतली की ती नीट शोषली जात नाही, मग टीएसएच खाली येत नाही आणि डॉक्टर डोस वाढवतात, खरं तर दोष चहाचा असतो. ज्यांच्याकडे पाणी पहाटे येतं त्यांचं सोपं आहे, बाटली आणि पाण्याचा ग्लास उशाशी ठेवा, नळ वाजला की आधी गोळी, मग पिंप भरा, बादल्या भरा, डब्याची भाजी चिरा, तोवर अर्धा तास कसा गेला कळतही नाही. ज्यांना बदलापूर-विरारहून पहाटेची लोकल पकडायची असते आणि चहाशिवाय घराबाहेर पाय निघत नाही त्यांनी डॉक्टरांना रात्रीच्या गोळीबद्दल विचारा, जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली चालते. पण रात्री अकराला जेवणाऱ्यांनी या फंदात पडू नये.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. उपवासाला गोळी बुडवू नका, साबुदाण्याच्या खिचडीआधी घ्या. एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका, औषध शरीरातून निम्मं जायलाच साधारण आठवडा लागतो, त्याच दिवशी पोट रिकामं असताना आठवेल तेव्हा घ्या.

बाटली किचनच्या ओट्यावर किंवा बाथरूमच्या कपाटात नको. या गोळीला ऊन आणि दमट हवा दोन्ही सोसत नाही, आणि जुलैतली मुंबई म्हणजे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो. बेडरूमच्या कोरड्या कपाटात, झाकण घट्ट.

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी काढून पैसे घालवू नका. शक्यतो दर वेळी तीच लॅब आणि सकाळचीच वेळ, गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद, नाहीतर रिपोर्ट भलतंच दाखवतो. मनाने डोस वाढवून वजन उतरवायचे उद्योग तर अजिबात नकोत, छातीत धडधड, हात थरथरणं आणि पुढे हाडं ठिसूळ, हे सगळं मागे लागतं. वजनाचं म्हणाल तर थायरॉइडमुळे वाढतं ते थोडंच, बाकीचं वडापावाच्या खात्यावर टाका.

खाण्यात फार काही नाही. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा, आयोडीनचं साधं मीठ पुरे, वरून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या नकोत कारण जास्तीचं आयोडीन हा आजार आणखी वाढवू शकतं. थकवा जातच नसेल तर बी-१२, डी आणि हिमोग्लोबिन बघा, सगळं खापर थायरॉइडवर फोडू नका.

दिवस राहिले तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा, बाळासाठी डोस सुरुवातीलाच वाढवावा लागतो. आणि हे घराण्यात चालतं, त्यात बायकांना कितीतरी जास्त, तेव्हा बहीण किंवा मुलगी सारखी दमत असेल तर तिचाही टीएसएच करून घ्या, टीपीओ सगळ्यांचा काढत बसायची गरज नाही.