कसिनो ते फोर्ली कॅम्परवॅनने : रात्री गाडी लावायची कुठे

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या जागा बघायच्या तर तीन-चार दिवसांत कसिनो, मोंतोने आणि फोर्ली आरामात होतं, आणि कॅम्परवॅन असली तर हॉटेलच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत. फक्त एक ठरवून टाका, स्मारकाच्या पार्किंगमध्ये झोपायचं नाही. ते बरं दिसत नाही आणि तिथे पाणी-बिणी पण नसतं.

नियम आधी. इटलीच्या वाहतूक कायद्यात कलम 185 आहे, त्यानुसार कॅम्पर फक्त चाकांवर उभा असेल, बाहेर काही सांडत नसेल आणि स्वतःच्या मापाबाहेर जागा अडवत नसेल तर ते पार्किंग, कॅम्पिंग नाही. म्हणजे आत झोपा, पण ऑनिंग (बाजूचं कापडी छत) उघडली, खुर्च्या मांडल्या किंवा स्टॅबिलायझर (गाडी स्थिर ठेवणारे पाय) खाली सोडले की कॅम्पिंग झालं. मनाईचा बोर्ड असेल तर विषयच संपला. मी तरी सरळ ‘आरेआ सोस्ता’ शोधते, म्हणजे कॅम्परसाठीची जागा. तिथे सांडपाण्याची जाळी, टॉयलेट कॅसेट (गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी) रिकामी करायची सोय आणि पाणी बहुतेक मिळतं. नळ मात्र नीट बघा, कॅसेट धुवायच्या नळाचा पाईप लोक कॅसेटच्या आत घालतात, प्यायच्या पाण्याची टाकी त्या नळावर कधीच भरायची नाही.

पहिली रात्र कसिनोजवळ, पण खाली सपाटीवर. मोंते कसिनोचा मठ 500 मीटरच्या वर आहे, रस्ता वळणावळणाचा, अंधारात मोठी गाडी घेऊन चढायची काही गरज नाही, सकाळी लवकर जा. युद्ध कबरस्तान खालीच आहे. त्यातल्या कसिनो मेमोरियलवर कबर न सापडलेल्या 4,000 हून जास्त सैनिकांची नावं आहेत, त्यातच नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेले, आपल्या रायगडचे. पॅनल नंबर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवरून आदल्या रात्रीच लिहून घ्या, नाहीतर उन्हात नाव शोधत बसाल.

मग ए1 मोटरवेने ओर्ते आणि तिथून ई45 हायवे. ई45 वर टोल नाही पण खड्डे आहेत, त्यामुळे कपाटं नीट लॉक करा. ए1 च्या टोलनाक्यावर टेलेपासच्या (टोल आपोआप कापणारं यंत्र असलेल्या गाड्यांच्या) पिवळ्या लेनमध्ये घुसू नका. घाडगे 10 जुलै 1944 ला या वरच्या टायबर खोऱ्यातच पडले, आणि मोंतोनेत त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक 2023 मध्ये झालंय. गाव टेकडीवर, गल्ल्या अरुंद. गाडी खाली लावून चालत चढा, आणि कुठल्याही जुन्या गावात ‘झेडटीएल’ (परवान्याशिवाय गाडीला बंदी) असा बोर्ड दिसला की मागे फिरा, कॅमेरा असतो, दंडाचं पत्र नंतर महिन्यांनी घरी येतं. रात्रीसाठी खोऱ्यातली ई45 जवळची गावं सोयीची, पण हायवेच्या ले-बायमध्ये (कडेच्या थांब्यात) झोपू नका, ट्रक रात्रभर चालूच असतात.

दुसऱ्या दिवशी ई45 ने चेझेना, तिथून फोर्ली. इथलं कबरस्तान खास भारतीय सैन्याचं आहे, दहन झालेल्यांसाठी वेगळं स्मारक पण आहे. वेळ असेल तर पुढे वीया एमिलिया या रस्त्याने कास्तेल बोलोन्येझेपर्यंत जा, तिथे सेनियो नदी लागते. 9 एप्रिल 1945 ला तिच्याच काठी नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुलावर थांबायला जागा शोधू नका, गावात गाडी लावून चालत जा.

शेवटची रात्र सोय असलेल्या आरेआ सोस्तातच काढा. कॅसेट न धुता गाडी परत दिली तर भाड्याच्या कंपन्या वेगळे पैसे लावतात.