शिआनला कधी जावे? ऋतू निवडताना या चुका टाळा

शिआनच्या सहलीतील पहिली चूक बहुधा घरच्या कॅलेंडरसमोरच होते. मे म्हणजे रखरखीत ऊन, जुलै म्हणजे पाऊस आणि सप्टेंबर संपता संपता उघडीप, हा हिशेब आपल्या अंगी इतका मुरलेला असतो की आपण तोच नकळत चीनमधील या प्राचीन राजधानीलाही लावतो. शिआन ३४ अंश उत्तर अक्षांशावर, दक्षिणेला छिनलिंग पर्वतरांग असलेल्या सखल खोऱ्यात वसलेले आहे आणि तिथले ऋतुचक्र वेगळे आहे. तिथला मे सुखद असतो. खरा उन्हाळा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो आणि त्या दिवसांत पारा कधी कधी ४० अंशांवर जातो. "पावसाळ्यात इकडे नाही तरी कुठे जाता येत नाही, मग तिकडे जाऊ" म्हणून जुलैची तिकिटे काढणाऱ्यांना ही गोष्ट तिथे उतरल्यावरच कळते.

उन्हाळ्याचा त्रास सर्वाधिक जाणवतो तो तटबंदीवर. मिंग काळात, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या या तटाचा घेर सुमारे १४ किलोमीटर आहे, उंची १२ मीटर आहे आणि वरचा रस्ता इतका रुंद आहे की त्यावर भाड्याच्या सायकली चालतात. मात्र वेशींवरचे बुरूज सोडले तर या संपूर्ण वाटेवर सावली जवळजवळ नाही. जुन्या करड्या विटा दिवसभर तापतात, त्यांच्या सांध्यांवरून सायकलचे चाक सतत खडखडत राहते आणि अर्धा फेरा होईपर्यंत पाण्याची बाटली रिकामी होते. उन्हाळ्यातच जाणे भाग असेल तर तटावर संध्याकाळी चढावे. संपूर्ण चीनमध्ये बीजिंगचीच वेळ चालते आणि शिआन बीजिंगच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे जूनमध्ये तिथे रात्री आठच्या सुमारासही उजेड असतो. उलट जानेवारीत पावणेआठपर्यंत सूर्य उगवत नाही; हिवाळ्यात पहाटेचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र शरद ऋतूविषयी आहे. "सप्टेंबर ते नोव्हेंबर हा उत्तम काळ" असे सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. पश्चिम चीनमध्ये शरदाच्या सुरुवातीला संततधार रिमझिम पावसाचा एक वेगळा हंगाम असतो आणि शिआनमध्ये सप्टेंबर हा वर्षातील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. हा पाऊस आपल्या आषाढसरींसारखा कोसळून मोकळा होत नाही. तो दिवसदिवस भुरभुरत राहतो, आभाळ उतरून येते आणि शिआनच्या पूर्वेकडील ह्वाशान पर्वताच्या कड्यांवरून दरीत फक्त पांढरे धुके दिसते. त्यातून सुटका व्हावी म्हणून एक ऑक्टोबरचा मुहूर्त धरावा, तर तो चीनचा राष्ट्रीय दिन. त्या दिवसापासून सात दिवसांची, आणि मध्य-शरद उत्सव त्याच सुमारास आला तर आठ दिवसांची, देशव्यापी सुट्टी असते. त्या आठवड्यात, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मृण्मय (भाजलेल्या मातीच्या) सैनिकांच्या पहिल्या खंदकाच्या कठड्याशी उभे राहण्यासाठी माणसांच्या पाच-सहा रांगा ओलांडाव्या लागतात, आणि १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले ते सैन्य अनेकांना पुढच्याच्या उंचावलेल्या मोबाइलच्या पडद्यावर पाहावे लागते. इतक्या लांबून येऊन असे व्हावे याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण केवळ दहा दिवस पुढे सरकले असते तर हे टळले असते.

तेव्हा संपूर्ण ऋतू न निवडता आठवडे निवडावेत. माझ्या मते १० ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा शिआनसाठी सर्वांत चांगला काळ आहे. दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास येते, त्यामुळे शाळकरी मुले असलेल्या मराठी कुटुंबांना वेगळी रजा काढावी लागत नाही.

सुट्टीच्या आठवड्याची तिकिटे आधीच निघाली असतील तर काय करावे? मोठ्या स्थळांची प्रवेशपत्रे पासपोर्ट क्रमांक देऊन ऑनलाइन आरक्षित करावी लागतात, ती विक्री खुली होताच घ्यावीत. रेल्वेची तिकिटे साधारणतः पंधरा दिवस आधी खुली होतात, तो दिवस चुकवू नये. सैनिकांचे संग्रहालय लिनथोंग भागात, शहराबाहेर आहे. तिथे दार उघडण्याआधी पोहोचावे. सप्टेंबरच्या पावसात सापडलात तर शिलालेखांचे पैलिन संग्रहालय आणि प्रांतिक इतिहास संग्रहालय त्या दिवसांसाठी राखून ठेवावे (दुसरे एरवी सोमवारी बंद असते), आणि ह्वाशानसाठी एक मोकळा दिवस हाताशी ठेवावा.

वसंताविषयी थोडक्यात. मार्चअखेरीस छिंगलोंग मंदिरात चेरी फुलते, पण एप्रिलमध्ये रस्त्याकडेच्या चिनार वृक्षांचे तंतू हवेत उडतात. ज्यांना दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मास्क न्यावा. १ मेपासूनचे पाच दिवसही सुट्टीचे असतात, म्हणून मेचा दुसरा पंधरवडा अधिक बरा.

हिवाळा सरसकट बाद ठरवणे हीदेखील चूकच आहे. जानेवारीत तापमान शून्याच्या आसपास रेंगाळते आणि खोऱ्यात धूर-धुके साचते, त्यामुळे ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेल्या महाहंस पॅगोड्यावरून दूरचे काही दिसेलच असे नाही. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या त्या यात्रिकासाठी जाणाऱ्याने दृश्याची आशा न धरताही जावे. गर्दी नसताना ते आवार शांतपणे पाहता येते. मांसाहारी असाल तर कडक रोटी स्वतःच्या बोटांनी हरभऱ्याच्या दाण्याएवढी कुस्करून, वर उकळता मटणाचा रस्सा घेऊन खाण्याचा आनंद याच थंडीत खरा कळतो.

एक बारीक अडचण उरते. शहरातील केंद्रीय तापव्यवस्था १५ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि त्याआधीच्या आठवड्यात बाहेरइतकीच खोलीतही थंडी वाजू शकते. छिनलिंगच्या पायथ्याशी असलेल्या कुआनयिन मंदिरातील पुरातन गिंको वृक्ष नोव्हेंबरच्या मध्यानंतर सोनेरी होतो. त्यासाठी जाणार असाल तर खोलीत हीटर आहे का, हे आरक्षणाआधीच विचारून घ्यावे.