रॉकचा संग्रह करताना एलपी, सीडी की कॅसेट: अल्बमनुसार कसं ठरवायचं

"एलपी घेऊ की सीडी?" नव्याने संग्रह करायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. मी उलट विचारते, कुठला अल्बम? आधी फॉरमॅट ठरवायचा आणि मग त्यात बसेल ते गोळा करत सुटायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. अल्बम कोणत्या काळात ध्वनिमुद्रित झाला, कोणत्या फॉरमॅटसाठी त्याचं मिक्स केलं गेलं, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र मिसळले गेले, आणि त्याचं मास्टर, म्हणजे ज्यावरून पुढे सगळ्या प्रती निघतात ते मूळ, कुणी कापलं, एवढं कळलं की काय घ्यायचं ते बहुतेक वेळा ठरूनच जातं. माझ्याकडे एकाच बँडच्या एलपी, सीडी आणि कॅसेट अशा तिन्ही गोष्टी आहेत, त्या याच कारणाने.

साठच्या दशकापासून सुरुवात करू. इथे मी हट्टाने सांगते: जिथे वेगळं मोनो मिक्स, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेलं, झालंय, तिथे मोनो घ्या. बीटल्सचा १९६७चा 'सार्जंट पेपर' बघा. तेव्हा ब्रिटनमध्ये बहुतेक लोक मोनो प्लेअरवरच ऐकत होते, म्हणून बँडने आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी जीव ओतला तो मोनो मिक्समध्ये. डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचं स्टिरिओ मिक्स मागाहून, बँडच्या गैरहजेरीत, बऱ्याच कमी वेळात झालं. फरक कुणालाही कळेल इतका ठळक आहे. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जलद आणि किंचित वरच्या पट्टीत आहे. त्यानंतर स्टिरिओ लावलं की गाणं रेंगाळल्यासारखं वाटतं. शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येतं, त्या रिप्राइजमध्ये पॉल मॅकार्टनी गर्दीवरून ओरडतो, ते मोनोत स्वच्छ ऐकू येतं, स्टिरिओत जवळजवळ बुडून गेलंय. मूळ १९६७ची प्रत चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण. पण २०१४मध्ये बीटल्सच्या मोनो एलपी थेट टेपवरून, मध्ये डिजिटल टप्पा न आणता कापल्या गेल्या. त्या घ्या. एलपी नकोच असेल तर २००९च्या मोनो सीडीही उत्तम आहेत. मी अजून दोन्ही ऐकते.

सत्तरच्या दशकात आलात की एलपीला पर्याय नाही, आणि इथे एक कौशल्य शिकावंच लागतं. शेवटचं गाणं संपतं तिथून लेबलपर्यंतचा जो गुळगुळीत पट्टा असतो, ज्याला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात, तो वाचायचा. लेबल आणि कव्हर यांच्यावर विसंबू नका. तीच छपाई वर्षानुवर्षं चालू राहते, आतली तबकडी मात्र बदललेली असते.

वाचायची रीत अशी. तबकडी कडेने आणि लेबलला धरा, चरांना बोट लावू नका. खोलीतले इतर दिवे बंद करून एकच टेबललॅम्प ठेवा आणि तबकडी त्याच्याकडे तिरकी करत सावकाश फिरवा. प्रकाश अगदी आडवा पडला की अक्षरं उमटतात. काही यंत्राने ठोकलेली असतात, सरळ आणि एकसारखी. काही हाताने कोरलेली असतात, बारीक आणि तिरपी. ही हाताची अक्षरं मास्टर कापणाऱ्या इंजिनिअरची, आणि खरा ऐवज बहुतेकदा त्यातच असतो.

'लेड झेपलिन टू'ची अमेरिकन प्रत हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १९६९मध्ये तिचं मास्टर बॉब लडविगने इतक्या जोरकस पातळीवर कापलं, की साध्या प्लेअरवर सुई चरातून उडायची. कंपनीने मग ते सौम्य करून पुन्हा कापून घेतलं. लडविगच्या मूळ कापणीच्या प्रती डेड वॅक्समधल्या 'आरएल' या हाताने कोरलेल्या अक्षरांवरून ओळखतात. दोन्ही बाजू तपासा, एका बाजूवर अक्षरं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्याकडे नीट जुळवलेलं टर्नटेबल असेल तर ती सुई मुळीच उडत नाही. त्यांचा ड्रमवादक बॉनमचा बेस ड्रम पोटात जाणवतो. सौम्य प्रतीत तोच ड्रम मागे कुठेतरी वाजत राहतो. अल्बम तोच, कव्हर तेच, दोन तबकड्या मात्र अगदी वेगळ्या.

ब्रिटिश प्रतींवर 'अ पोर्की प्राइम कट' असं कोरलेलं दिसलं तर ते जॉर्ज पेकहॅमचं काम. हे माझे लाडके इंजिनिअर. हे शब्द दिसले की मी तबकडी सहसा खाली ठेवत नाही.

इएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या ब्रिटिश तबकड्या तर त्याहून बोलक्या. मास्टर नंबर 'एक्सईएक्स'ने सुरू झाला की मोनो, 'वायईएक्स'ने झाला की स्टिरिओ. शेवटचा आकडा कितवी कापणी ते सांगतो. तो नंबर खाली सरळ वाचता येईल अशी तबकडी धरली, की घड्याळात नऊ असतात त्या जागी मदरचा आकडा असतो आणि तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरं. स्टॅम्पर म्हणजे प्रती दाबायचा धातूचा साचा, आणि मदर म्हणजे ज्यावरून स्टॅम्पर बनतात ती धातूची तबकडी. ही अक्षरं म्हणजे आकडेच: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी ०. सलग लिहून बघा, 'ग्रामोफोन लिमिटेड'चं संक्षिप्त रूप तयार होतं. म्हणजे 'आरए' असेल तर तेविसावा स्टॅम्पर. लहान आकडा म्हणजे आधीची प्रत, इतकंच. ती ऐकायला चांगली असेलच असं नाही, कारण मधल्या पन्नास वर्षांत ती कुणाच्या हाती होती ते या अक्षरांत लिहिलेलं नसतं.

म्हणून जुनी तबकडी घेताना आणखी दोन गोष्टी करा. उजेडात धरून चर बघा. वरवरच्या केसासारख्या रेषा बहुधा वाजत नाहीत. नखाला लागेल असा ओरखडा वाजतो. चर करडे, मातकट दिसत असतील तर जड सुईने ते झिजवलेत, ते कितीही धुतले तरी परत येणार नाहीत. दुसरं, शक्य असेल तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐका, पहिलं नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर वेगाने सरकतो आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, त्यामुळे झीज आणि चिरका आवाज तिथेच आधी येतो. शेवटच्या गाण्यात गायकाचे 'स' स्वच्छ असतील तर प्रत निर्धास्त घ्या.

रोलिंग स्टोन्सचा १९७१चा 'स्टिकी फिंगर्स' खऱ्या झिपच्या कव्हरात मिळाला तर आतली तबकडी जरूर पाहा. गठ्ठ्यात या झिपचा दाब शेजारच्या तबकडीवर पडून तिला खड्डा पडायचा, म्हणून पुढे झिप थोडी खाली ओढून पाठवायला लागले, म्हणजे दाब मधल्या लेबलवर यावा. घरी ठेवताना तो फळीच्या टोकाला ठेवा आणि झिपच्या बाजूला जाड पुठ्ठा लावा.

आता नवीन एलपीबद्दल. '१८० ग्रॅम' हा शिक्का बघून कुणी घेऊ नये. वजनाने तबकडी हातात छान लागते, आवाज मास्टरवर ठरतो. मास्टर कुणी कापलं आणि कशावरून कापलं, हे स्टिकरवर किंवा कव्हरच्या मागे लिहिलेलं असेल तरच मी पुढे विचार करते. एका बाजूवर २५ मिनिटं भरली असतील तर तेही मला खटकतं, कारण तेवढं बसवायला आवाजाची पातळी खाली आणावी लागते.

सीडीला नाकं मुरडणारे रॉकवाले मला समजत नाहीत. १९८२मध्ये सीडी आली आणि थोड्याच वर्षांत अल्बम तिच्यासाठी घडू लागले. डायर स्ट्रेट्सचा १९८५चा 'ब्रदर्स इन आर्म्स' डिजिटल यंत्रावर ध्वनिमुद्रित झालाय, आणि एलपीत मावावं म्हणून त्यातली काही गाणी एलपीवर चक्क छोटी केलेली आहेत. पूर्ण अल्बम हवा असेल तर मूळ सीडीच घ्यायची. त्या काळच्या सीडीवर तीन अक्षरांचा संकेत असायचा, 'एएडी', 'एडीडी' किंवा 'डीडीडी': ध्वनिमुद्रण, मिक्सिंग आणि मास्टरिंग या तीन टप्प्यांत काय अॅनालॉग आणि काय डिजिटल ते त्यावरून कळतं.

जुन्या सीडींचा आवाज हळू येतो म्हणून त्या खराब समजू नका. आवाज वाढवा. त्या हळू आहेत कारण त्यांत हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर शाबूत आहे. नव्वदच्या दशकात सगळं सतत मोठ्याने वाजलं पाहिजे म्हणून हे अंतर चेपत नेलं. रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९चा 'कॅलिफोर्निकेशन' ऐका, मोठ्या जागी आवाज फाटतो. 'रिमास्टर्ड' लिहिलेली प्रत घेण्याआधी जुन्या प्रतीशी ताडून बघाच, पण दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा जुळवून घेतल्यावर. आपल्या कानाला जरा मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं, आणि सगळी फसगत तिथेच होते. मेटॅलिकाच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तर हे चेपणं मास्टरिंगच्या आधी, मिक्समध्येच झालेलं होतं, त्यामुळे एलपी घेऊनही सुटका नाही. आणि स्टूजेस या बँडचा 'रॉ पॉवर' घेताना वर्ष बघा: १९७३चं मिक्स डेव्हिड बोवीचं, १९९७चं खुद्द त्यांचा गायक इगी पॉपचं, कमालीचं मोठं. मला बोवीचं आवडतं. दोन्ही ऐकून तुम्ही तुमचं ठरवा.

सुरुवातीच्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतं, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम चढवलेले. सीडी प्लेअर ते ओळखून खाली आणतो. संगणकावर उतरवलं की ते तसंच राहू शकतं आणि सिंबल टोचायला लागतात. अशी सीडी प्लेअरवर आणि संगणकावर दोन्हीकडे लावून बघा, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल.

कॅसेट मी फक्त जे कॅसेटवरच जन्मलं त्यासाठी घेते. मेटॅलिकाचा १९८२चा 'नो लाइफ टिल लेदर' हा डेमो चाहत्यांनी एकमेकांना टेप कॉपी करून देत पसरवला. अशा संगीताचा खरखराट त्याच्याच अंगाचा आहे. कॅसेटच्या खिडकीतून टेप सपाट गुंडाळलेली आहे का ते पाहा, आणि तळाशी टेपच्या मागची फेल्टची गादी जागेवर आहे ना ते तपासा. ती निखळली असेल तर आवाज येतो-जातो. डेकचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. वर डॉल्बी बी (टेपची सरसर कमी करणारी पद्धत) लिहिलं असेल तर ते बटण चालू ठेवूनच ऐका.

देखभालीचं थोडक्यात. एलपी उभ्याच ठेवा, तिरक्या नकोत. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवल्या तर पृष्ठभागावर धूसर डाग धरतो, पॉलिथिनची पाकिटं वापरा. दरवेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा. धुताना डिस्टिल्ड पाणी घ्या, लेबल कोरडं ठेवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते.

आणि एक वही करा. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंचं डेड वॅक्स जसंच्या तसं उतरवा, हाताने कोरलेलं आणि ठोकलेलं वेगळं दाखवून, आणि पुढे कसं वाजतं ते एका ओळीत. दुसरी प्रत समोर आली की वही काढायची, आकडे जुळवायचे, आणि ती घ्यायची की सोडायची ते तिथल्या तिथे सांगता येतं.