यातली जिवंत किती?

वाळूजमधल्या एका कंपनीत रुजू झालो तेव्हा हुद्दा झकास होता: टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट. कंपनी बनवायची दुचाकीच्या इंजिनाचे सुटे भाग. इलेक्ट्रिक गाडीत ना पिस्टन ना व्हॉल्व्ह, मग दहा वर्षांनी आपण विकायचं काय, ही मालकांची काळजी. ती फाइल होऊन माझ्या टेबलावर आली.

पहिला रिपोर्ट बॅटरी स्वॅपिंगवर होता, म्हणजे उतरलेली बॅटरी काढून चार्ज केलेली बसवण्यावर. गूगल पेटंट्सवर तेच दोन शब्द टाकले, वर्षवार आकडे एक्सेलमध्ये ओढले, आलेख सरसर वर. टूलरूममधून वर आलेले आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘यातली जिवंत किती?’’

मला प्रश्नच कळला नाही. पेटंट वीस वर्षं टिकतं एवढं कॉलेजात पाठ केलेलं. पण भारतात तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी भरत राहावी लागते आणि ती पुढे वाढत जाते. फी थांबली की पेटंट मेलं. पेटंट ऑफिसच्या साइटवर ई-रजिस्टरमध्ये नंबर टाकला की कोणी कुठपर्यंत भरली ते दिसतं. शोध लावणाऱ्याला स्वतःच्याच शोधावर अजून पैसे घालावेसे वाटतात का, हे इतक्या फुकटात दुसरीकडे कुठे कळत नाही.

मग एकेक पेटंट उघडत बसलो आणि माझ्याच रिपोर्टची लक्तरं निघत गेली. एकच शोध भारत, चीन, अमेरिका आणि युरोपात दाखल झालेला, मी तो चारदा मोजलेला. याला पेटंट फॅमिली म्हणतात. लेन्स नावाच्या साइटवर फॅमिलीनुसार गोळा करून बघता येतं. दुसरं म्हणजे अर्जात कुणी ‘रिमूव्हेबल’ लिहितो, कुणी ‘डिटॅचेबल’, त्यामुळे माझ्या दोन शब्दांच्या जाळ्यातून कामाचेच मासे निसटलेले. आता मी शब्दाने दोन-चार चांगली पेटंटं गाठतो, त्यांच्यावर छापलेला वर्गीकरणाचा कोड बघतो आणि पुढचा शोध कोडाने घेतो. स्वॅपिंगसाठी तो बी६०एल ५३/८० आहे.

आणखी एक खड्डा सांगतो, यात जवळजवळ प्रत्येक नवा माणूस पडतो. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे कुठल्याही आलेखाची शेवटची दीड वर्षं उतरलेलीच दिसतात. ‘या तंत्रज्ञानातला रस कमी होतोय’ असं लिहून मोकळं होऊ नका. ते अर्ज अजून बाहेर आलेलेच नसतात.

विक्रीचा अंदाज घ्यायला मी ‘वाहन’ डॅशबोर्ड वापरतो, म्हणजे गाड्यांच्या नोंदणीचे आकडे देणारी सरकारी साइट. इंधन, गाडीचा प्रकार, आरटीओ असं हवं तसं कापून घेता येतं. एमएच-२० आणि एमएच-२४ शेजारी ठेवले की संभाजीनगर आणि लातूरमधला फरक समोर येतो. बरीच वर्षं तेलंगणाचे आकडे त्यात नव्हते, म्हणून जुनी ‘देशाची’ बेरीज जपून वापरा. मे २०२३ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींची नोंदणी लाखावर गेली आणि जूनमध्ये निम्म्यावर आली. लोकांचं मन महिन्यात पालटलं नव्हतं. १ जूनपासून फेम-२ या केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहन योजनेचं अनुदान कमी होणार होतं, म्हणून मेमध्येच गर्दी झाली. आकड्याच्या शेजारी सरकारी अधिसूचना ठेवल्याशिवाय मी आता आलेख कुणाला दाखवत नाही.

नवी गोष्ट हळूहळू, मग एकदम, मग पुन्हा हळूहळू पसरते. हा वळणदार आलेख तुम्हाला प्रत्येक प्रेझेंटेशनात भेटेल. त्यामागचा एक गाजलेला अभ्यास शेतातला आहे हे मात्र कुणी सांगत नाही. आयोवातल्या मका-शेतकऱ्यांनी संकरित बियाणं कधी आणि कशावरून घेतलं, ते रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये मांडलं. बियाण्याची खबर पहिल्यांदा विक्रेत्याकडून मिळाली, पण भरवसा बसला तो शेजाऱ्यामुळे. हे वाचताना मला हसू आलं. आमचं घर बदनापूरकडचं, कापसाचं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, ते बियाणं आणणारी महिको कंपनी तर आमच्या जालन्याचीच. तरी वडील म्हणायचे, ‘‘लोकाच्या रानात काय निघतंय ते बघू आधी.’’

म्हणून महिन्यातून एक शनिवार मी गॅरेजांसाठी ठेवतो. मेकॅनिकला ‘इलेक्ट्रिकचं काय वाटतं?’ विचारलं तर तो टीव्हीवरचंच उत्तर देईल. ‘मामा, यंदा नवीन हत्यार कोणतं घेतलं?’ असं विचारा. पैठण रोडवरच्या एकाने उत्तरादाखल ड्रॉवर उघडून इलेक्ट्रिक गाडीवर काम करताना शॉक लागू नये म्हणून घेतलेला इन्सुलेटेड पान्यांचा सेट दाखवला, वर किंमत सांगून कुरकुरलाही. त्या दिवशीची माझी सगळ्यात मोलाची नोंद तीच.

नोंदी मी साध्या दोनशे पानी वहीत करतो. डाव्या पानावर काय दिसलं आणि मला काय वाटतं ते, तारखेसह. उजवं पान कोरं, वर्षभराने भरायला. शाईपेन वापरा, नाहीतर मागचा अंदाज गुपचूप दुरुस्त करायचा मोह होतो. मला झाला आहे. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली तेव्हा मी डावीकडे लिहिलं होतं, ‘दोन वर्षांत आपल्या दुचाकीत.’ उजवीकडे आता लाल शाईत ‘नाही’ आहे आणि खाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ: कुणाला विचारून लिहिलं होतंस?