माळावर पुन्हा गवत धरताना या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "माळाला गवत टाकायचंय, बियाणं कुठं मिळेल?" माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर, तालुका कुठलाही असो, पहिला प्रश्न बियाण्याचाच. माळावर आज काय उभं आहे, उतार कुणीकडं आहे, पावसाळ्यात तिथं कुणाची जनावरं येतात, हे विचारलं की पलीकडचा माणूस वैतागतो. त्याला आठ दिवसांत पाऊस हवा असतो आणि दोन महिन्यांत चारा.

मी लिहितोय ते पर्जन्यछायेतल्या हलक्या, मुरमाड रानाबद्दल. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली वीतभर माती आणि मग मुरूम. कोकणातल्या वरकस जमिनीला किंवा पाण्याखालच्या चाऱ्याला यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

उन्हाळ्यात बघून माळ मेला असं ठरवणं

एप्रिल-मेमध्ये आपला चांगला माळही उजाडच दिसतो. पवन्या, मारवेल, डोंगरी ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं. वरचं चरून, वाळून, जळून गेलं तरी बुडखा जमिनीत जीव धरून असतो. म्हणून बियाण्याची चौकशी करण्याआधी खुरपं घेऊन माळावर जा. एक बुडखा खणून काढा आणि बुडाशी नखानं सोला. आत पांढरट-हिरवट, ओलसर कोंब लागला तर तो जिवंत आहे. काळा, ठिसूळ, पोकळ निघाला तर गेला.

माझी सवय अशी की चार काठ्या बांधून मीटरभराची चौकट करायची आणि माळावर ठिकठिकाणी ती टाकून आतले जिवंत बुडखे मोजायचे. बहुतेक चौकटींत तीन-चार जिवंत बुडखे निघाले तर मी बियाणं घेऊच देत नाही. तो पैसा कुंपणाला घाला आणि एक पावसाळा माळ नुसता बंद ठेवा. हिवरे बाजारला रोज लोक जातात, बंधारे आणि चर बघून परत येतात. तिथल्या चराईबंदीबद्दल मात्र फार थोडे विचारतात. जनावर डोंगरावर सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून न्यायचं, हा नियम त्या गावानं पाळला म्हणून तिथले डोंगर गवतानं भरले. राळेगणसिद्धीतही कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी होतीच. पण बंद ठेवलेल्या माळाचा फोटो निघत नाही, ट्रॅक्टरचा निघतो.

रोटाव्हेटर

या एका अवजारानं आमच्या भागातल्या गवताचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं दुष्काळानंही केलेलं नाही. हे मी रागानं लिहितोय आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माणदेशातल्या एका माळाची गोष्ट सांगतो. चार एकर, मध्यम उतार. मालक होतकरू, नोकरी सोडून गावी आलेला, शेळीपालन करायचं होतं. त्यानं मेअखेरीला सगळा माळ रोटाव्हेटरनं भुसभुशीत केला, तोही उताराच्या दिशेनं, कारण ट्रॅक्टरवाल्याला तसं सोपं जातं. मग अंजन गवताचं आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी फोकलं आणि ते "नीट मिसळावं" म्हणून पुन्हा एकदा रोटाव्हेटर फिरवला. मृगाचा पहिलाच पाऊस धो धो आला. त्यानंतर काही दिवसांनी मला बोलावणं आलं: बियाणं बोगस निघालं, दुकानदारावर तक्रार करायची आहे.

जाऊन बघितलं तर वरच्या अंगाला जमिनीवर पापुद्रा धरलेला, मधे बोटभर खोल ओघळ पडलेले, आणि खालच्या बांधाला मात्र अंजनाची हिरवीगार दाट पट्टी, रोपवाटिकेत टाकल्यासारखी. चार एकरांतलं वरवरचं बी मातीसकट वाहून त्या बांधाला येऊन अडलं होतं. बाकीचं कुठं गेलं ते बघायला मी खुरप्यानं पापुद्रा उचकटला. चार बोटं खाली दाणे सापडले. उगवलेले. पांढरे, केसासारखे कोंब वर यायला निघालेले, वाटेत वाकडे होऊन पिवळे पडलेले. बियाणं बोगस नव्हतं, गाडलं गेलं होतं. आणि कडेला पवन्याचे जुने बुडखे मुळं वर करून वाळत पडले होते, दोन-दोन मुठींत न मावणारे. ते तिथं उभे होते तेव्हा त्याला तो माळ रिकामा वाटला होता. पुढं पावसाळाभर त्या रानात टाकळा आणि गाजर गवताशिवाय काही दिसलं नाही. मोकळी, उलथलेली जमीन या दोघांना सगळ्यांत आधी सापडते.

गवताचा दाणा फार बारीक असतो. त्याच्या पोटात ज्वारीच्या दाण्याइतकी शिदोरी नसते. एक सेंटिमीटर, फार तर दीड, त्याखाली गेला की तो वर येत नाही. म्हणून पाभरीनं पेरायच्या फंदातही पडू नका. मी समपातळीवर, उताराला आडवे, दोन-तीन फुटांचे पट्टे कुळवानं वरच्यावर खरवडून घेतो, मधलं जुनं गवत जसंच्या तसं ठेवतो. ते वरून येणारं पाणी अडवतं आणि नव्या बियाला वाहू देत नाही. बी ओलसर पोयट्याच्या मातीत चोळून घेतो, कारण अंजनाचं बी केसाळ आणि हलकं असतं, वाऱ्यावर भलतीकडं जातं. फोकून झालं की बाभळीची फेसाटी, म्हणजे काटेरी फांदी, एकदा ओढायची. शेजारी कुणाच्या मेंढ्या असतील तर कळप एकदा त्यावरून चालवून घ्यायचा. खुरांनी बी मातीला चिकटतं. यापेक्षा जास्त मशागत हलक्या रानाला सोसत नाही.

बियाण्याबद्दल थोडक्यात

पोत्यात दिसतो तो सगळा दाणा नसतो, निम्मा भुसा आणि पोकळ टरफलं असतात. हातावर चोळून बघा. मग शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि दोन आठवडे थांबा. ज्वारी-बाजरीसारखं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडून बघणारे हमखास चुकतात, गवताला वेळ लागतो. नुकतंच काढलेलं बी लगेच पेरू नका, ते काही महिने झोपलेलं असतं. दिवाळीच्या आसपास काढलेलं पुढच्या मृगाला बरोबर जागं होतं. अंजन चांगल्या बियाण्याचं असेल तर हेक्टरी पाच-सहा किलो पुरतं. तिप्पट टाकून राखण वाचत नाही.

स्टायलोच्या बियाचं कवच कठीण असतं. तसंच पेरलं तर थोडंच उगवतं. 80 अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवा, लगेच गार पाण्यात काढा, सावलीत सुकवा. याचा कंटाळा करणारे मग स्टायलो आमच्या मातीत येत नाही म्हणून सांगत फिरतात.

मारवेल मी बियाण्यानं करतच नाही. ठोंब, म्हणजे मुळांसकटचे फुटवे, लावतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले मारवेल 06-40 किंवा जवळच्या ओढ्याकाठचं गावठी, दोन्ही ठोंबानं चांगली धरतात. चांगली ओल झाल्यावर, झड लागलेली असताना लावा. मेहनत जास्त आहे, पण एकदा धरलं की ते हटत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात जनावर सोडणं

वरच्या सगळ्या चुका सुधारता येतात. ही येत नाही, आणि हीच सगळ्यात जास्त होते.

एका गावात दोघा भावांनी माळाचं काम अगदी मनापासून केलं होतं. पट्टे आडवे, बी वरच्यावर, कुंपणाला काटे, सगळं बरोबर. जुलैअखेरीला गवत घोट्याच्या वर आलेलं. मग श्रावणात पावसानं ओढ दिली, घरचा कडबा संपत आला आणि थोरल्यानं "दोनच तास" म्हणून गाई आत सोडल्या. मी त्या वेळी बांधावर होतो. गाय जिभेनं गवताची मूठ गोळा करते आणि मान झटकून तोडते. जुनं गवत तुटतं. त्या दिवशी तुटत नव्हतं, उपटत होतं. गाईच्या तोंडाच्या कडेला मातीसकट मुळं लोंबत होती आणि ती ते चघळून टाकून देत होती. दोन तासांत त्यांनी पोटभर खाल्लंही नाही, पण जिथं जिथं तोंड लावलं तिथं टक्कल पडलं. मी सांगेपर्यंत शेळ्याही येऊन पोचल्या होत्या.

पहिल्या वर्षी गवत वर दिसतं तेवढं खाली नसतं. ते मुळं उतरवण्यात गुंतलेलं असतं. तयार आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. अंगठा आणि बोटांत चार पाती धरा आणि गाय देईल तसा हिसका द्या. पात तुटली तर जमीन त्याला धरून आहे. मूळ हातात आलं तर कुंपणाचं फाटक लावा आणि घरी जा. हे एका जागी करून चालत नाही, माळभर फिरून करा, विशेषतः उथळ मातीच्या जागी.

माझा नियम कडक आहे: पहिल्या वर्षी जनावराचं तोंड गवताला लागू द्यायचं नाही. बी पडून झालं की विळ्यानं कापायचं, बुडाशी चार-सहा बोटं ठेवून. दुसऱ्या वर्षी हिसक्याची परीक्षा पास झाली तरच थोडा वेळ, थोडी जनावरं. "एवढं थांबायला परवडत नाही" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं की जेवढं राखता येईल तेवढंच पेरा. अर्धा एकर घ्या. उरलेल्या माळावर जनावरं चरू द्या, कडबा आधी साठवा. चार एकर पेरून चार एकर तुडवून घेण्यापेक्षा अर्ध्या एकराचं गवत घरात येतं.

मेंढपाळाशी बोलायचं राहून जाणं

आमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घाटावर परत येतात. म्हणजे तुम्ही बी टाकता त्याच सुमाराला कळप त्या वाटेवर असतात. वाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते, तुमचं कुंपण कालचं. भांडून काही साधत नाही. उन्हाळ्यातच जाऊन बोला, जाण्या-येण्यापुरती आणि पाण्यापर्यंतची वाट मोकळी ठेवा. पेरणीआधी दोन-चार रात्री मेंढ्या रानात बसवा, लेंडीखत मिळतं. बी पडून गवत कापून झाल्यावर, कळप खाली उतरायच्या वेळी, पुन्हा एकदा आतून जाऊ द्या, म्हणजे पडलेलं बी खुरांनी दाबलं जातं. मी बघितलेली टिकलेली कुरणं बहुतेक अशा समजुतीवर टिकली आहेत, तारेवर नाहीत.

पेटवून द्यायची सवय

"जाळलं की नवं कोवळं फुटतं" हे आजोबापासून ऐकलेलं असतं. फुटतं खरं, पण काय फुटतं ते बघा. कुसळी नावाच्या गवताचं एक पिकलेलं कुसळ, म्हणजे शेपटीवाला टोकदार दाणा, तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटी गरगर फिरायला लागते. जमिनीवर पडल्यावर ओल आणि ऊन यांनी ते असंच फिरत मातीत घुसून बसतं. वरून वणवा गेला तरी आतला दाणा सुरक्षित राहतो. वर पडून राहिलेलं चांगल्या गवताचं बी मात्र जळून जातं. वर्षामागून वर्ष जाळलेल्या आणि ओरबाडलेल्या माळावर शेवटी कुसळीच उरते. तीच कुसळं पुढं मेंढीच्या लोकरीत आणि कातड्यात रुततात. कुसळी असेलच तर फुलोऱ्याआधी, कुसळ पिकायच्या आत कापा. तोवर ती खायलाही बरी असते.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

मुरमाड माळावर नेपियर (हत्ती गवत) मागू नका, त्याला पाणी लागतं.

उगवल्या उगवल्या युरिया टाकला तर तो आधी टाकळ्याला मिळतो. द्यायचाच तर महिन्याने, ओल असताना, आणि थोडा.

स्टायलो मिसळलेल्या रानात रुंद पानाच्या तणांचं तणनाशक मारलं तर स्टायलोही जातो. गाजर गवत फुलायच्या आत हातानं उपटा, हातमोजे घालून.

एकच जातीचं गवत सगळीकडं पेरू नका. उथळ जागी अंजन, खोलगट जागी मारवेल, वर पवन्या.

कुरणात दाट झाडं लावू नका. बांधावर लावा. आपली ही गवतं उन्हाची आहेत.

सगळंच कापून नेणं

माळ सुधारला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाव सुटते आणि गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलोऱ्यातच कापलं जातं. चाऱ्यासाठी ती वेळ बरोबर आहे, फुलोऱ्यात पौष्टिकपणा जास्त असतो. पण मग बी पडतच नाही आणि मेलेल्या बुडख्याच्या जागी नवं काही येत नाही. मी दरवर्षी आडवा एक पट्टा न कापता सोडतो आणि पुढच्या वर्षी त्याची जागा बदलतो. त्याच पट्ट्यातून पेरणीपुरतं बी घेतो. दव उडाल्यावर जायचं आणि दांडा मुठीत धरून वर ओढायचा. जे सहज हातात येतं ते पिकलेलं. दाणे एकदम पिकत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा जावं लागतं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकच्या नको, आत ओल धरते. पिशवीवर गवताचं नाव आणि महिना लिहा आणि उंदरांच्या आवाक्याबाहेर आढ्याला टांगून ठेवा.