आर्थिक नाकेबंदी आणि रझाकारी हिंसा : लघुप्रबंधासाठी मांडणी

आर्थिक निर्बंधांवर काम करायला इराक, इराणच घ्यावा लागतो असं नाही. भारताच्या बाजूने झालेली 1947-48 ची हैदराबाद संस्थानाची नाकेबंदी आपल्याच मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतही घडली.

प्रश्न नेमका ठेवा : माल अडल्यावर रझाकारांची (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेची) हिंसा घटली की वाढली? 'तालुका-महिना' हे एकक धरून, म्हणजे एका तालुक्याच्या एका महिन्याला एक ओळ देऊन, तक्ता करा. रकाने चार : ज्वारी-मीठ-रॉकेलचे भाव, हल्ल्यांची नोंद, सीमेपासूनचं अंतर, नोंदीचा स्रोत. सुरुवात निजाम आणि भारत सरकार यांच्यातल्या 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारापासून करा आणि 13 सप्टेंबर 1948 ला, पोलीस कारवाई सुरू झाली तिथे थांबा.

भावांत हमखास घोळ होतो. संस्थानात हाली सिक्का, म्हणजे संस्थानाचा स्वतःचा रुपया, चालायचा. 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले रुपये. हे रूपांतर राहिलं तर सोलापूरपेक्षा उस्मानाबादेत महागाई उगाच सुमारे 17 टक्के जास्त दिसेल. कागदावर फसली साल (संस्थानाचं महसुली वर्ष) असेल तर इसवी सन काढायला 590 मिळवा. जानेवारीपासूनच्या महिन्यांना 591. उर्दू वाचणारा सोबत हवाच.

रब्बीची ज्वारी येण्याआधी भाव तसेही चढतात, म्हणून सीमेपलीकडच्या तालुक्यांशी तुलना करा.

सगळ्यात अवघड भाग कार्यकारणाचा. हिंसा वाढली म्हणूनही नाकेबंदी आवळली गेली असेल. म्हणून या महिन्याचे भाव पुढच्या महिन्याच्या हल्ल्यांशी ताडून पाहा, मग उलटही. ज्या गावाची नोंदच नाही, तिथे शून्य लिहू नका. रकाना रिकामा ठेवा. तिथेही माणसं मेलेली असू शकतात.