इम्युनोथेरपी चालू असताना घरच्यांनी काय बघायचं

आमच्या अण्णांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि गालात कायम मावा. तोंडाचा कॅन्सर ऑपरेशननंतर परत आला, तेव्हा कॅन्सरच्या गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन सुरू झालं. पूर्ण डोस आम्हाला झेपणारा नव्हता. हा कमी डोस मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या १५१ पेशंटांच्या अभ्यासातला. तिथे नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६ टक्के होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३.

हे काही ताकदीचं इंजेक्शन नाही. आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, कॅन्सर तोच दाबून बसतो. औषध त्याला तो दाबू देत नाही. पण मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर, थायरॉईडवर उठतात. म्हणून 'इम्युनिटी'चे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आमच्याकडे तीन बाटल्या जमल्या होत्या, सगळ्या प्रेमाने आलेल्या!

औषध तुम्हीच न्यायचं असेल तर २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. सोलापूरच्या मे महिन्यात रिक्षात पिशवीतून नेऊ नका. आईसबॉक्स घ्या, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की वाया.

सगळ्यात जास्त लक्ष जुलाबांकडे. पाचव्या डोसनंतर अण्णांना सुरू झाले. गल्लीतल्या दवाखान्यात 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून गोळी मिळाली, दोन दिवस त्यातच गेले. खरं तर आतड्याला सूज होती आणि लागले स्टिरॉइड. तेव्हापासून कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा मारते, प्रत्येक वेळेला एक. नेहमीपेक्षा चार रेघा जास्त दिसल्या, किंवा रक्त पडलं, की त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. नवा खोकला, दम, छातीत दुखणं, डोळे पिवळे यांनाही हाच नियम. उपचार थांबल्यावर काही महिन्यांनीही हे होऊ शकतं. कुठल्याही दवाखान्यात 'केमो चालू आहे' म्हणून भागत नाही, 'इम्युनोथेरपी' असंच सांगा. अण्णांच्या बंडीच्या खिशात तशी चिठ्ठीच आहे.

डोसआधीच्या रक्त तपासण्या चुकवू नका. अण्णा दिवसभर झोपून असायचे, आम्ही उन्हाला बोल लावत होतो. टीएसएच ही थायरॉईडची तपासणी बघितल्यावर कळलं, थायरॉईड मंदावलंय. आता पहाटे उपाशीपोटी गोळी घेतात आणि चहा उशिरा मिळतो म्हणून माझ्यावर चिडतात.